वाढत्या अंगाची स्की घेऊ नका

जळगाव, धुळे, नंदुरबारकडून नॉर्वेत नव्याने आलेल्या आणि घरात दोन ते सहा वर्षांचं लेकरू असलेल्या कुटुंबांसाठी हे लिहितो आहे. फेब्रुवारीत शाळांना हिवाळी सुटी लागते. ऑस्लोत ती आठव्या आठवड्यात असते, काही भागांत नवव्या. इथे तारखेपेक्षा आठवड्याचा नंबर चालतो, तो बघायची सवय लावून घ्या. या सुटीत आपली बरीच मंडळी एकमेकांकडे जेवायला जमतात आणि पोरं खिडकीतून बर्फ बघत बसतात. हे मला पटत नाही. बालवाडीत स्कीचा दिवस ठरला की बाकीची पोरं पुढे जातात आणि आपलंच लेकरू बाईंचा हात धरून उभं राहतं.

मी बोलतोय ती सपाट आणि हलक्या चढउताराच्या बर्फावरून चालत-घसरत जायची स्की. इथे तिला लांगरेन म्हणतात. स्कीचा उच्चार इथे ‘शी’ असा करतात, दुकानात जाण्याआधी माहीत असू द्या.

आता सगळ्यात महागात पडणारी चूक. आपल्याकडे शाळेचा ड्रेस, बूट वाढत्या अंगाचे घ्यायची रीत आहे. स्कीही तशीच घेतली जाते, ‘पुढच्या वर्षी पण चालेल’ म्हणून. असं करू नका. स्की जमिनीवर ठेवून बघा. दोन्ही टोकं टेकलेली असतात आणि मधला भाग कमानीसारखा उचललेला असतो. पकड त्या मधल्या भागातच असते. तळाला खवल्यांसारख्या खाचा असतात किंवा केसाळ पट्टी. पायाचा भार पडला की कमान खाली बसते, पकड बर्फाला लागते आणि मगच पाऊल पुढे पडतं. १५ किलोच्या लेकराला लांब, टणक स्की दिली तर कमान बसतच नाही. प्रत्येक पावलाला पाय मागे घसरतो. लेकरू दहा मिनिटांत रडायला लागतं आणि आईबाप म्हणतात, ‘आपल्या पोरांना हे जमत नाही.’ दोष मापाचा असतो, पोराचा नसतो.

दोन-तीन वर्षांच्या लेकराला त्याच्या उंचीएवढी स्की पुरे, चार ते सहाच्याला फार तर १० सेंमी जास्त. घरातच खात्री करता येते. सपाट फरशीवर लेकराला दोन्ही स्कींवर उभं करा आणि बुटाखालच्या भागातून साधा कागद सरकवा. दोन्ही पायांवर भार असताना कागद सरकला पाहिजे, एकाच पायावर उभं केल्यावर अडकला पाहिजे. एका पायावरही कागद सहज निघत असेल तर ती स्की परत करा. बुटाचंही तेच: लोकरीचा एकच जाड मोजा घालून बोटांपुढे एक सेंमी जागा हवी. दोन मोजे कोंबले की रक्त फिरत नाही आणि पाय उलट जास्त गार पडतात.

दरवर्षी नवीन माप परवडणार कसं? विकत घेऊच नका. बुआ नावाची केंद्रं आहेत, ती स्की, बूट, काठ्या फुकट वापरायला देतात. सुटीच्या आठवड्यात मात्र लहान मापं लवकर संपतात, आधीच आणा. शरद ऋतूत शाळांत आणि क्रीडामंडळांत जुन्या सामानाचे बाजार भरतात. जुनं वापरणं इथे कुणी कमीपणाचं मानत नाही.

काही स्कींना पकडीसाठी तळाला मेण लावावं लागतं, लेकराच्या स्कीसाठी त्या भानगडीत पडू नका. खाचांची किंवा पट्टीचीच घ्या.

पहिला दिवस घरासमोरच काढा. काठ्या देऊ नका, त्यांच्या नादात तोल शिकायचा राहतो. आधी एकच स्की घालून दुसऱ्या पायाने ढकलायला लावा, मग पाय बदला. नंतर पडायला आणि उठायला शिकवा: कुशीवर पडायचं, दोन्ही स्की एका बाजूला उताराला आडव्या घ्यायच्या, गुडघ्यावर यायचं आणि उठायचं. हात धरून ओढून उठवलं तर ते कधीच शिकत नाही. उतारावर टोकं जवळ आणि टाचा लांब, म्हणजे वेग आटोक्यात राहतो.

लेकरू थकलं की बसवायला पुल्क, म्हणजे कमरेला बांधून ओढायची घसरगाडी. माझं सगळ्यात कळकळीचं सांगणं इथे आहे: ओढणारा घामाघूम असतो आणि बसलेलं लेकरू गार पडत असतं. स्वतःच्या अंगावरून त्याच्या थंडीचा अंदाज बांधू नका. खाली मेंढीचं कातडं, अंगावर झोपायची जाड पिशवी, डोक्याला हेल्मेट. दर १५ मिनिटांनी थांबून मानेमागे हात घाला. हाताची बोटं बघून कळत नाही. मान गार लागली तर लगेच माघारी फिरा. उणे १० तापमानात सेकंदाला १० मीटर वारा असला तर अंगाला उणे २० सारखं लागतं, आणि उतारावर पुल्क स्वतःच वारा तयार करते. दोन वर्षांच्या आतल्या बाळाला उणे १० च्या खाली नेऊच नये, असं माझं मत आहे.

अंगाला लागून लोकर, सुती काही नको. घाम सुतात अडकतो आणि थांबल्यावर गोठवतो. आजीने गावाकडून विणून पाठवलेला स्वेटर बहुतेक वेळा अ‍ॅक्रेलिकच्या सुताचा असतो. तो मधल्या थराला छान, आतून नको. हातात पाचबोटी मोजे न घालता पिशवीसारखे घाला, बोटं एकमेकांना ऊब देतात.

खाण्यासाठी मऊ मुगाची खिचडी थर्मासमध्ये न्या. आधी उकळतं पाणी भरून थर्मास दहा मिनिटं तापवून घ्या, नाहीतर तासाभरात ती कोमट होते. भाकरी थंडीत चामड्यासारखी होते, केळं काळं पडतं. वाटेत बर्फात बसून खाण्याची इथली मजा आपल्या शेतातल्या भरीत-पार्टीसारखीच आहे, ती चुकवू नका. शहरात मान वर न करणारे नॉर्वेजियन इथे आपणहून ‘हाय’ म्हणतात. पण न विचारता सल्ला देत नाहीत, म्हणून बेधडक विचारा.

स्कीसाठी आखलेल्या चाकोरीवर बुटांनी चालू नका. उजवीकडून जा, आणि चढणाऱ्याने उतरणाऱ्याला वाट द्यावी. ऑस्लोत सुरुवात करायची तर फ्रोग्नरसेतेरेनला १ नंबरची मेट्रो थेट जाते. लेकराच्या पायाने पहिल्या दिवशी एक किलोमीटर खूप झालं, त्यात परतीची वाटही धरा. डोंगरात जाणार असाल तर नॉर्वेतले डोंगराचे नऊ नियम वाचून ठेवा. त्यातला आठवा सांगतो की वेळेत माघारी फिरा, त्यात लाज नाही. रुग्णवाहिकेचा नंबर ११३.

परतल्यावर बुटातलं सुटं अस्तर काढा, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि तासाभराने बदला. शेगडीला चिकटवून ठेवू नका, तळवा सुटतो. सकाळी बूट ओला असला तर लेकरू तो पायात घालत नाही आणि सुटीचा तो दिवस घरातच जातो.