ऑफिसातल्या सुक्या कचऱ्याला किती जागा लागते? पावसाळा धरून मोजा

पुठ्ठा एकदा भिजला की भंगारवाला त्याला हात लावत नाही. रत्नागिरीत मी सांभाळलेल्या पहिल्या इमारतीत सुक्या कचऱ्याची खोली जिन्याखाली होती, जेमतेम 40 चौरस फुटांची. माल आठवड्याला उचलला जाईल, असं धरून ती काढलेली. जुलैत झड लागली, घाटात दरड आली आणि टेम्पो तीन आठवडे फिरकला नाही. अर्धा माल पार्किंगच्या कडेला, पागोळ्यांच्या तोंडाशी ठेवावा लागला. ऑफिसातल्या माणसांनी महिनोन्‌महिने निगुतीने वेगळा केलेला पुठ्ठा शेवटी लगदा होऊन मिश्र कचऱ्यात गेला. त्याचं मला अजून वाईट वाटतं. आता नवीन इमारतीचा नकाशा हातात आला की आधी ही खोली शोधते.

पहिलं काम मोजायचं, आणि तेही किलोत नाही, घनफुटांत. काचेची गोणी जड, पण कोपऱ्यात मावते. पाण्याच्या रिकाम्या बाटल्यांना वजन नाही, पण जागा त्याच खातात. इमारत उभी राहायची असेल, तर तिथे येणाऱ्या मंडळींच्या सध्याच्या ऑफिसात दोन आठवडे मोजा. मी फरशीवर खडूने 2 फूट बाय 2 फुटांचा चौकोन आखते. खोकी उलगडून, सपाट करून त्यात रचायची आणि भिंतीला टेप लावून उंची घ्यायची. दर फुटाला 4 घनफूट. बाटल्या दाबून एकाच मापाच्या क्रेटमध्ये भरायच्या आणि क्रेट मोजायचे. एप्रिल-मेमध्ये मोजत असाल तर आंब्याच्या पेट्या वेगळ्या लिहा. त्या दिवसांत पुठ्ठा एकदम वाढतो.

एका 14,000 चौरस फुटांच्या इमारतीत, 110 माणसांमागे, आम्हाला आठवड्याला पुठ्ठा 22 घनफूट, कागद 8, प्लास्टिक 20, काच आणि धातू मिळून 4 असा माल मिळाला. एकूण 54.

यानंतरचा आकडा कोकणात सगळ्यात महत्त्वाचा: दोन उचलींमधला वर्षातला सर्वांत मोठा खंड. करारात "दर शनिवारी" लिहिलेलं असतं, त्यावर जाऊ नका. गेटवरची वही काढून तारखा बघा. आमच्याकडे दोन खंड ठरलेले, एक जुलैचा आणि दुसरा गणपतीचा. गणपतीत टेम्पोवाला आपल्या गावी, हमाल आपल्या गावी, आणि त्यांनी जायलाच हवं. आम्ही तीन आठवडे धरले. 54 गुणिले 3 म्हणजे 162. आंब्याच्या पेट्यांसाठी त्यावर पाव भाग, झाले साधारण 202 घनफूट.

थर 4 फुटांपेक्षा उंच रचू नका, वरचे गठ्ठे काढताना माणसाच्या अंगावर येतात. 202 भागिले 4 म्हणजे जवळपास 50 चौरस फूट. वावरायला, वजनकाट्याला आणि गठ्ठे बांधायला तेवढीच जागा आणखी, म्हणजे 100. जुन्या बॅटऱ्या, ट्यूबलाइट आणि बिघडलेले कीबोर्ड-चार्जर यांच्या कुलपाच्या कपाटाला 15. एकूण 115. लीड (LEED) म्हणजे पर्यावरणपूरक इमारतींना मिळणारं मानांकन; त्याच्या जुन्या मार्गदर्शिकेतल्या तक्त्यात 5,001 ते 15,000 चौरस फुटांच्या इमारतीला 125 चौरस फूट सुचवलेत. आम्ही 125 घेतले. तुमचा आकडा तक्त्याच्या वर गेला, तर तुमचाच धरा. तक्त्याला आपला घाट ठाऊक नाही.

लीडच्या v4 आवृत्तीचं मानांकन घ्यायचं असेल तर कागद, पुठ्ठा, काच, प्लास्टिक आणि धातू या पाचही गोष्टींची सोय लागते, शिवाय बॅटऱ्या, पाऱ्याचे दिवे आणि ई-कचरा यांतल्या कोणत्याही दोन. ओला कचरा या खोलीत अजिबात नको. दुधाच्या पिशव्यासुद्धा धुऊन, वाळवूनच आत घ्या, नाहीतर आठवडाभरात घुशी येतात.

खोली जोत्याच्या वर हवी. फरशीला दाराकडे उतार द्या आणि माल फळ्यांवर, जमिनीपासून वीतभर वर ठेवा. जांभ्याची भिंत पावसाळ्यात पाणी ओढते, म्हणून आतून गिलावा करून घ्या आणि पुठ्ठा भिंतीला टेकवू नका. लोखंडी रॅक खाऱ्या वाऱ्यात लवकर गंजतो. आम्ही कडाप्प्याचे कप्पे केले, ते छान टिकलेत. हवेला समोरासमोर दोन झरोके ठेवून त्यांना जाळी मारा. मीटरची खोली शेजारी नको, कागदाला आग धरायला वेळ लागत नाही.

नकाशा पक्का करण्याआधी माल नेणाऱ्या माणसाला जागेवर बोलवा. आमच्या भंगारवाल्या मामांनी आकडेमोड ऐकून घेतली, मग नुसते हात पसरून दाखवले. "ताई, गठ्ठा एवढा होतो. हा ह्या दारातून कसा काढू?" दार 3 फुटांचं होतं. चौकट बसायची होती, म्हणून त्याच दिवशी ते 4 फुटांचं करून घेतलं.