चौकोनी पटाशी निळी पडते? आधी रुपया काढा

सागवानी चौकटीला साल (जोडासाठीचं चौकोनी भोक) पाडताना मॉर्टायझर, म्हणजे पोकळ चौकोनी पटाशी आणि तिच्या आत फिरणाऱ्या बिटनं ते भोक पाडणारं मशीन, किंचाळला, धूर निघाला, की आमच्या उद्यमनगराकडचे सुतार आधी लाकडाला नावं ठेवतात. बहुतेकदा चूक बसवण्यात असते.

मशीनची विजेची पिन काढून ठेवा. पटाशी मशीनमध्ये घालताना तिचा खांदा आणि मशीन यांच्यामध्ये रुपयाचं नाणं धरा. आतला बिट पटाशीला टेकेपर्यंत वर ढकला, चक (बिट पकडणारा जबडा) आवळा. मग नाणं काढून पटाशी वर सरकवा, गुण्या लावून फेन्सशी (लाकूड टेकवायच्या पट्टीशी) सरळ करा आणि घट्ट करा. बिट पटाशीच्या तोंडापुढे साधारण दीड मिलिमीटर राहतो. एवढी फट नसेल तर दोघं एकमेकांवर घासतात, भुसा अडकतो आणि पोलाद तापून निळं पडतं. भुशाची खाच बाजूला ठेवा, पाडलेल्या भोकाकडे.

धार फक्त आतून लावायची. शंकूसारखा दगड तोंडात धरून हातानंच फिरवा, कोपऱ्यांना बारीक तिकोनी कानस. बाहेरून नुसती धार लावताना वळलेली बारीक कड काढा: तेलाच्या बारीक दगडावर प्रत्येक बाजू सपाट ठेवून दोनच हात. जास्त घासलीत तर टोक बारीक होतं, मागचा भाग रुंदच राहतो, आणि पटाशी सालात अशी रुतते की काढताना घाम फुटतो. माझी १२ मिलिमीटरची एक अशीच वाया गेली.