आजी पडल्या, घरी फोन कोणी करायचा?

वृद्धसेवा केंद्रात नातेवाईक चिडतात ते बहुतेक वेळा आजी पडल्या म्हणून नाही. भेटीला आल्यावर कपाळावरचं टेंगूळ बघून कळलं, म्हणून चिडतात. इथे इन्चार्ज सिस्टर म्हणून माझा बराच वेळ बातमी वेळेवर पोचवण्यात जातो, आणि नव्या मुलींना मी तेच आधी शिकवते.

पडल्याचं कळलं की आजींना तपासायचं, डॉक्टरांना कळवायचं आणि लगेच घरी फोन लावायचा. 'आता रात्र झाली, सकाळी सांगू' हे चालत नाही. कुठल्या कारणासाठी झोपेतून उठवलेलं चालेल, हे दाखल करतानाच लिहून घ्यावं. फोन जिने पाहिलं तिनेच करावा. ऑफिसातून फोन गेला तर "डोक्याला लागलं का?" या पहिल्याच प्रश्नाला गाडी अडते. आणि सुरुवात तब्येतीपासून करायची:

"केंद्रातून सिस्टर बोलतेय. आई शुद्धीवर आहेत, बोलतायत. पावणेसहाला बाथरूमच्या दाराशी पडलेल्या दिसल्या. कपाळाला टेंगूळ आलंय, हातपाय हलवतायत. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, म्हणून स्कॅनसाठी हॉस्पिटलला न्यायचं का, हे डॉक्टरांना विचारलंय. साडेसहाला मी परत फोन करते."

'पडलेल्या दिसल्या' हे मुद्दाम. पडताना कुणी पाहिलं नसेल तर 'पाय घसरला' असं ठोकून द्यायचं नाही. साडेसहाचा फोन, सांगण्यासारखं नवीन काही नसलं तरी, करायचाच.

फोन कोणाला करायचा? घरातला एकच माणूस ठरवून घ्या, आणि तो आजींना विचारून ठरवा. मुलांपैकी ज्याचा आवाज मोठा तोच, असं नको. भावंडांचं आपसात पटत नसेल तर निरोप्याचं काम आपण अंगावर घेऊ नये. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप भेटीच्या वेळा कळवायला ठीक, तिथे कुणाची जखम किंवा औषध नको.

ड्युटी बदलताना चार्ज देण्यासाठी 'एसबार' पद्धत चांगली आहे. अमेरिकी नौदलातून ती रुग्णालयांत आली. आत्ता काय झालंय, मागची हकीकत, मला काय वाटतं, काय करायला हवं, एवढंच क्रमाने सांगायचं. नव्या सिस्टर तिसरं गाळतात, डॉक्टर रागावतील म्हणून. तेच तर हवं असतं. 'आजोबा आज शांत आहेत' या वाक्यावर कोणी जागचं हलत नाही. 'रोज उठल्याउठल्या पेपर मागतात, कालपासून मागितला नाही. नाश्ता अर्धा टाकला. हाक मारली की डोळे उघडून परत मिटतात', यावर डॉक्टर येतात. काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत असा बदल झाला तर त्यामागे जंतुसंसर्ग, नवं औषध, बद्धकोष्ठता, पाणी कमी पडणं असं काहीही असू शकतं. आरडाओरडा करणारा पेशंट सगळ्यांना दिसतो, गप्प झालेला सुटतो. तो पहिल्यांदा लक्षात येतो अंघोळ घालणाऱ्या मावशींना. म्हणून चार्ज देताना मावशी हजर हव्यात, आणि "आज कोणात फरक वाटला?" हे त्यांना नाव घेऊन विचारायला हवं. आपणहून त्या बोलत नाहीत, वर्षानुवर्षं कोणी विचारलेलं नसतं.

आजी-आजोबांशी बोलताना ओरडू नका. वयाने कमी होणारं ऐकू येणं आधी वरच्या पट्टीत कमी होतं, आणि ओरडलं की आपला आवाज नेमका वर चढतो. समोर बसा, उजेड आपल्या चेहऱ्यावर हवा, टीव्ही बंद, आवाज जरा खालचा. त्याआधी श्रवणयंत्राची बॅटरी बघा. एका वेळी एकच प्रश्न, मग थांबा. व्हीलचेअरवर बसलेल्या आजींच्या डोक्यावरून लेकीला "जेवतात का हो नीट?" विचारणं तर पूर्ण बंद. त्यांनाच विचारा.

स्मृतिभ्रंश असेल तर वेगळं. "घरी जायचंय, हे वाट बघत असतील," असं आजी म्हणतात आणि आजोबा जाऊन बरीच वर्षं झालेली असतात. दर वेळी "बाबा गेले ना!" म्हटलं तर बाई दर वेळी नव्याने विधवा होते. "ते आले की तुम्ही काय करायचात?" असं विचारा, बोलू द्या. भूक, लघवी, दुखणं यांपैकी काही नाही ना तेही बघा, अस्वस्थपणा बऱ्याचदा त्याचाच असतो. काय बोलायचं हे घरचे आणि स्टाफ यांनी एकदा बसून ठरवावं, फाईलला लावावं. लेक एक सांगते, सिस्टर दुसरं, मधल्यामध्ये आजी घाबरतात.

घरच्यांसाठी थोडं. दाखल करताना रिपोर्टांच्या गठ्ठ्याबरोबर हेही लिहून द्या: कोणत्या हाकेला ओ देतात, कोणत्या कानाने नीट ऐकतात, राग आला की कशाने निवळतात. तक्रार असेल तर पॅसेजमध्ये मावशींवर तोंडसुख घेऊ नका. कधी, काय दिसलं, काय हवंय, हे इन्चार्जला सांगा आणि उत्तर कोण, कधी देणार ते विचारून घ्या. आमच्या तक्रार रजिस्टरला 'घरी कधी कळवलं' असा रकाना आहे. तो भरेपर्यंत मी सही करत नाही.