गावचा वारसा जपताना या चुका टाळा

वाई तालुक्यातल्या एका गावात देवळामागे चार वीरगळ, म्हणजे झुंजताना पडलेल्या वीरांच्या आठवणीचे कोरीव दगड, आहेत. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा ते गवतात आडवे पडले होते. पुढच्या खेपेला पाहतो तर गावच्या पोरांनी ते उचलून सिमेंटच्या चौथऱ्यात एका ओळीत रोवलेले, वर रुपेरी ऑइलपेंट, समोर फरशी. पोरांनी वर्गणी काढली होती, दोन रविवार उन्हात राबले होते. त्यांना बोल लावायला जीभ रेटत नाही. पण पारावर बसलेले एक आबा जवळ आले आणि तिसऱ्या दगडाकडे बोट करून म्हणाले, "ह्यो गाईंचा दगूड हितला न्हवं. पांदीच्या तोंडाला हुता." पांद म्हणजे शेतांकडे जाणारी अरुंद वाट.

वीरगळ खालून वर वाचतात. सगळ्यात खालच्या चौकटीत लढाई, तो वीर कसा पडला ते. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला स्वर्गात नेतात, वरच्या चौकटीत तो शिवलिंगाची पूजा करतो, आणि माथ्यावर चंद्रसूर्य व कलश. खालच्या चौकटीत गाई कोरल्या असतील, तर तो माणूस गावची गुरं वळवून नेणाऱ्यांशी झुंजताना गेला. असा दगड पांदीच्या तोंडाला उभा होता याचा अर्थ झुंज बहुधा तिथेच झाली असणार. दगड हलला, ती जागा गेली. त्यात चौथरा भरताना खालची अर्धी चौकट सिमेंटमध्ये बुडाली. आता गाईंच्या पाठी दिसतात, पाय दिसत नाहीत. पायांपाशी काही कोरलेलं होतं का, हे कळायला मार्ग नाही, कारण आधीचा फोटो कुणाकडेच नाही.

सातारा-सांगलीकडे गेली काही वर्षं जुन्या दगडांच्या आणि कागदांच्या नोंदी करताना मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली आहे. दुर्लक्षाने जेवढं जातं, जवळपास तेवढंच घाईच्या मायेने जातं. म्हणून आधी नोंद, मग हात.

हलवायच्या आधी

वीरगळ, सतीशिळा (सती गेलेल्या बाईच्या आठवणीचा दगड), गधेगळ (दान मोडणाऱ्याला शाप देणारा दगड), तुटकी मूर्ती, काहीही असो. चारही बाजूंनी फोटो काढा, शेजारी मोजपट्टी ठेवून. उंची, रुंदी, जाडी लिहा. तोंड कोणत्या दिशेला आहे ते लिहा. फोनवर ठिकाण टिपून ठेवा. ज्याने माहिती दिली त्याचं नाव आणि तारीख लिहा. एवढ्याला वीस मिनिटं लागतात. दगड पडायच्या बेतात नसेल, रस्त्याच्या कामात जाणार नसेल, तर हलवूच नका. जिथे तो शेकडो वर्षं उभा आहे, तिथे अजून थोडे दिवस उभा राहील.

दगड आधीच हलवलेले असतील तर गावातल्या सत्तरी ओलांडलेल्या माणसांना आजच विचारा. आमच्या गाईंच्या दगडाचं मूळ ठिकाण आता फक्त त्या आबांच्या तोंडी उरलं होतं. आम्ही त्यांना पांदीपर्यंत घेऊन गेलो, त्यांनी काठीने जागा दाखवली, तिथला फोटो काढला. चौथरा फोडून दगड परत न्यायचा हट्ट आम्ही धरला नाही. काढताना दगडच तडकला असता.

घासणं आणि रंगवणं

तारेचा ब्रश, ॲसिड, फरशी घासायचं मशीन, यातलं काहीही जुन्या दगडाला लावू नका. आपल्याकडचा काळा पाषाण कठीण असतो, म्हणून माणसं निर्धास्त होतात. पण कोरीव कामाच्या कडा आणि शिलालेखाची उथळ अक्षरं वरच्या कणभर थरातच असतात. तो थर घासला गेला की मजकूर गेला. साधं पाणी, केसांचा मऊ ब्रश, भेगेतली माती काढायला बांबूची काडी, एवढं पुरतं. अक्षरं उठून दिसावीत म्हणून खडू किंवा रंग भरायचाही मोह आवरा. अक्षर जिथे झिजलंय तिथे तुम्ही तुमच्या मनातलं अक्षर भरता आणि पुढचा माणूस तेच वाचतो. त्यापेक्षा अंधार पडल्यावर जा आणि बॅटरी दगडाला जवळजवळ चिकटवून बाजूने उजेड टाका. दिवसा सपाट वाटणाऱ्या ओळी सावलीने उठून येतात.

शेंदराचं मात्र वेगळं. ज्या दगडाला गाव देव मानतं, त्याचा शेंदूर इतिहासाच्या नावाखाली खरवडायचा अधिकार आपल्याला नाही. पुजाऱ्याशी, गावकऱ्यांशी बोला. शेंदराचं कवच कधीतरी आपणहून निघतं, तेव्हा बोलावणं आलं पाहिजे एवढी ओळख ठेवा.

सिमेंट

"आता पन्नास वर्षं बघायला नको," असं म्हणत जुन्या वाड्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करतात. तीन-चार पावसाळ्यांत आतली वीट भुगा होऊन गळू लागते आणि मग दोष विटेला दिला जातो. जुनी भिंत चुन्याची किंवा पांढऱ्या मातीची असते. ती ओल घेते आणि सोडते. सिमेंटने तोंड बंद केलं की ओल आतच कोंडते, निघायला वाट म्हणून विटेतून, दगडातून बाहेर येते, बरोबर क्षार आणते, आणि ते क्षार पृष्ठभागाखाली साकळून पापुद्रे उडवतात. दुरुस्ती चुन्यातच करा. चुना नीट विरवलेला हवा, त्यात वाळू किंवा सुरखी (विटांची भुकटी), आणि जुने गवंडी घालत तसं गूळ, हिरडा, बेलफळाचं पाणी. चुन्याच्या घाणीत, म्हणजे दगडी चाकाखाली, दळलेला चुना वाळायला वेळ घेतो, त्याला अनेक दिवस पाणी मारावं लागतं. ठेकेदाराला तेवढा दम नसतो, म्हणून त्याच्याशी हे आधीच ठरवा.

तटबुरुजात पिंपळ उगवला तर तो उपटू नका. मुळांनी चिरे धरलेले असतात, झाड ओढलं की चिऱ्यासकट भिंत येते. बुंध्यापाशी कापा आणि मूळ जागेवरच मारायची पद्धत जाणकाराला विचारा. किल्ल्यावरच्या टाक्यातला गाळ काढायचा असेल तर पुरातत्त्व खात्याची परवानगी घेऊन, त्यांचा माणूस समोर असताना काढा. गाळात खापरं असतात, नाणी असतात, आणि ती कोणत्या थरात होती यावरच त्यांचा अर्थ ठरतो. वास्तू केंद्र सरकारच्या संरक्षित यादीत असेल, तर तिच्यापासून १०० मीटरच्या आत बांधकामाला मनाई असते आणि त्यापुढच्या २०० मीटरपर्यंत परवानगी लागते. कमान आणि माहितीफलक उभारायच्या आधी हे तपासा.

मोडीचे रुमाल

२०१९च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. पाणी ओसरल्यावर एका घरातून फोन आला. माळ्यावर जागा नाही म्हणून खालच्या लाकडी पेटीत ठेवलेले मोडी कागदांचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, भिजले होते. आम्ही पोहोचलो तेव्हा घरच्यांनी अर्धे कागद सुटे करून गच्चीवर उन्हात घातले होते. पापडासारखे वाकून कडक झालेले ते कागद हातात घेताच मोडत होते. आणि काहींवर ओल्या फडक्याने चिखल पुसला होता, तिथे अक्षरांऐवजी करडा डाग होता. बोरूची जुनी शाई बहुधा काजळी आणि डिंकाची. ओली असताना पुसली तर ती फडक्याला येते.

भिजलेला रुमाल उघडू नका. खाली ताट किंवा फळी घालून तसाच उचला, पाणी निथळू द्या. थोडेच कागद असतील तर सावलीत, पंख्याच्या वाऱ्यात, कोऱ्या टीपकागदावर ठेवा आणि टीपकागद बदलत राहा. वर्तमानपत्र नको, त्याची शाई उतरते. इस्त्री तर नकोच. कागद खूप असतील तर दोन-तीन दिवसांत बुरशी धरते, म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून डीप फ्रीजरमध्ये ठेवा. गोठलेला कागद थांबून राहतो आणि जाणकार येईपर्यंत वेळ मिळतो. हे त्या दिवशी आम्हालाही उशिरा सुचलं. एका ओळखीच्या आइस्क्रीमवाल्याच्या फ्रीजरमध्ये उरलेले रुमाल गेले आणि त्यातले बहुतेक वाचले.

कोरड्या कागदांच्या चुका वेगळ्या. आमच्या घरच्या एका महजराच्या (जुन्या निवाडापत्राच्या) घडीला मी बारा वर्षांपूर्वी सेलोटेप लावली. चांगलं करतोय असंच वाटलं होतं. आज ती पट्टी पिवळी पडून सुटली आहे, गोंद कागदात मुरला आहे आणि पट्टीखालच्या दोन ओळी वाचता येत नाहीत. लॅमिनेशन त्याहून वाईट, ते पुन्हा निघत नाही. फाटलेल्या कागदाला गव्हाच्या स्टार्चची खळ आणि पातळ जपानी टिश्यू लावतात, पण तेही शिकलेल्या हाताने. तोवर कागद स्वच्छ सुती कापडात सैल बांधा, पेटी जमिनीपासून आणि बाहेरच्या भिंतीपासून दूर ठेवा, कसर आणि वाळवीसाठी दर पावसाळ्यानंतर उघडून बघा. आणि पुराच्या गावात पेटी वरच्या मजल्यावर.

सनावळीचा घोळ

फलकांवर सगळ्यात जास्त चुका इथे होतात, आणि पुढे पन्नास जण त्या उतरवून घेतात.

साताऱ्याजवळच्या लिंब गावची बारामोटेची विहीर घ्या. कुणीही सहज तिला शिवकालीन म्हणून टाकतं. पण विहिरीवरच्या शिलालेखात शके १६४१ ते १६४६ असा काळ आणि वीरूबाई भोसले यांचं नाव आहे. शकात ७८ मिळवले की इ.स. १७१९ ते १७२४. शिवाजी महाराज १६८०ला गेले. म्हणजे ही विहीर शाहू महाराजांच्या काळातली, सातारा राजधानी असतानाची. "शिवकालीन" म्हटल्याने तिचा मान वाढत नाही. उलट ती बांधून घेणारी बाई आणि तिचा काळ, दोन्ही पुसले जातात.

७८चंही सरसकट नाही. जानेवारीपासून फाल्गुन अखेरपर्यंतच्या तिथीला ७९ मिळवावे लागतात. फाल्गुन वद्य ३, शके १५५१ ही शिवजन्माची तिथी. ७८ मिळवले तर १६२९ येतं, खरं आहे १९ फेब्रुवारी १६३०.

मोडी पत्रांत सुहूर सन, म्हणजे मराठा दप्तरातली एक जुनी कालगणना, अरबी अंकांच्या नावांनी अक्षरांत येतो. "इहिदे सितैन मया व अलफ" म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, मिळून ११६१. हा हिजरी समजलात तर १७४८ साल येईल. सुहूरात ५९९ मिळवतात आणि हे वर्ष मृगाच्या सुमारास बदलतं, म्हणजे जून १७६० ते जून १७६१. पानिपत याच वर्षातलं, १४ जानेवारी १७६१. फसलीत (महसुली सनात) ५९० मिळवायचे, शिवराज्याभिषेकापासून मोजलेल्या राज्याभिषेक शकात १६७३. वर्षाच्या कोणत्या टोकाला पत्र आहे त्यावर एकाचा फरक पडतो, म्हणून महिना आणि तिथी लिहिल्याशिवाय नुसता इसवी सन कधीच लिहू नका. आणि मूळ सन जसा आहे तसा शेजारी ठेवा, म्हणजे तुमची बेरीज चुकली तरी दुसऱ्याला सुधारता येईल.

नांगराला लागलेलं

शेतात, घराचा पाया किंवा विहीर खणताना नाणी, मूर्ती, ताम्रपट सापडला तर तो वाटून घेणं गुन्हा आहे. १८७८चा गुप्तधनाचा कायदा अजून लागू आहे. जमिनीत सापडलेल्या वस्तूची किंमत दहा रुपयांच्या वर असेल तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. तलाठ्याला आणि तहसीलदारांना त्याच दिवशी सांगा, अर्जाची पोच घ्या. वस्तू जागेवर असतानाच फोटो काढा, खोली मोजा.

आणि ताम्रपट चिंचेने घासू नका. घरातलं तांब्याचं भांडं उजळतं तसा तोही लखलखतो, पण हिरव्या-काळ्या पुटाबरोबर अक्षरांच्या कडाही जातात. मातीसकट कागदात गुंडाळून कोरड्या डब्यात ठेवा आणि तसाच हवाली करा.