पाटा वाढवायच्या आधी

बेळगावहून गोव्याला भाजी नेणारी व्हॅन मागून बसायला लागली की पहिला सल्ला ठरलेला असतो: एक पाटा, म्हणजे मागच्या चाकांवरच्या स्प्रिंगची एक पोलादी पट्टी, वाढवा. वाढवा की, पण गाडी मिस्त्रीकडे लावायच्या आधी तिला वजनकाट्यावर न्या. एकदा रिकामी आणि एकदा नेहमीच्या मालासकट चढवा. मग फक्त मागची चाकं काट्यावर ठेवून वजन घ्या, कारण पाट्यावर खरा भार किती येतो ते या तिसऱ्या आकड्यातून कळतं. हे आकडे आरसी बुकातल्या एकूण वजनाशी ताडून पाहा. पाटे किती का वाढवेनात, पासिंगचं वजन तेवढंच राहतं. जादा मालाला केंद्राच्या 2019च्या दुरुस्तीनंतर कलम 194 मध्ये 20,000 रुपये दंड आणि वर प्रत्येक जादा टनाला 2,000 आहेत.

गाडी रिकामी आणि भरलेली असताना चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या काठापर्यंतची उंची दोन्ही बाजूंनी मोजून लिहून ठेवा. रिकामीच गाडी एका बाजूला झुकत असेल तर तिकडचा पाटा तुटला असेल किंवा पाट्याच्या टोकांतले बुश गेले असतील. तिथं नवीन पाटा घालून काही साधणार नाही. पाट्यांवरचा चिखल धुऊन बघा, बारीक चीर मातीखाली दिसत नाही. ओमनीला मागे पाटे आहेत, ईकोला कॉइल स्प्रिंग. त्यामुळे शेजाऱ्याच्या गाडीला जे बसलं ते तुमच्या गाडीला बसेलच असं नाही.

बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यांत लोखंडाचं काय हवं ते बनवून मिळतं, म्हणून पाटाही कापून घ्यायचा मोह होतो. पाट्याचं पोलाद वेगळं असतं आणि त्याला पाणी द्यावं लागतं, म्हणजे तापवून विझवून कडक करावं लागतं. त्याला वेल्डिंग तर अजिबात नको. तयार हेल्पर (जादा आधाराचा) पाटा घ्या, दोन्ही बाजूंना सारखाच. सेंटर बोल्ट आणि यू-बोल्ट नवे, बुश आणि शॉकअप जुने झाले असतील तर तेही आत्ताच. टायरच्या बाजूवरचा भाराचा आकडा वाचा: 80 म्हणजे एका टायरला 450 किलो, तेही पूर्ण हवेत. टायरलाच मागचा भार पेलणार नसेल तर पाट्यावरचा खर्च वाया.

आता ज्याकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही ते: ब्रेक. पुष्कळ गाड्यांत मागच्या ॲक्सलला जोडलेला एक व्हॉल्व्ह असतो. गाडी किती बसली त्यावरून तो मागच्या ब्रेकला दाब सोडतो. पाटा कडक केला की भरलेली गाडीही उंच राहते, व्हॉल्व्हला ती रिकामी वाटते आणि मागचे ब्रेक ढिले पडतात. सगळा ताण पुढच्या ब्रेकवर येतो. सपाट हायवेवर हे जाणवत नाही, चोर्ला घाटाच्या उतारावर पावसात जाणवतं. काम झाल्यावर तो व्हॉल्व्ह कंपनीच्या मापानं लावून द्यायला मिस्त्रीला आधीच सांगून ठेवा. ‘त्याला हात लावायची गरज नाही’ असं तो म्हणाला तर दुसरा मिस्त्री शोधा. गाडीची उंची बदलते, म्हणून हेडलाइटचा रोखही त्याच वेळी नीट करून घ्या.

माल भरताना जड पोती ड्रायव्हरच्या मागे, कोथिंबीर-पालेभाजी शेवटी.

पहिल्या फेरीला निम्मा माल घालून वाटेतल्या जांबोटीपर्यंतच जा आणि उंची परत मोजा. चाकांजवळ हात नेऊन बघा, लावायचा नाही. पुढचं चाक फार तापलं असेल तर पुढे घाटाच्या वाटेला कणकुंबीकडे न जाता परत फिरा. सगळं ठीक असेल तर चारपाचशे किलोमीटर झाल्यावर यू-बोल्ट पुन्हा आवळून घ्या.