लिनक्सवर हेडसेट आणि स्पीकर यांत आवाज कसा फिरवावा

हेडसेट लावला तरी आवाज स्पीकरमधूनच येत असेल, तर आधी हेडसेट कसा जोडला आहे ते पाहा. पुढचं सगळं त्यावर ठरतं. यूएसबी किंवा ब्लूटूथ हेडसेट लिनक्सला वेगळं साउंड कार्ड म्हणून दिसतो. ३.५ मिमी जॅकचा हेडसेट मात्र बहुतेक वेळा स्पीकरच्याच कार्डावरचा दुसरा पोर्ट असतो.

सोपा मार्ग पॅनलमध्येच आहे. ग्नोम डेस्कटॉपची ४३ किंवा त्यापुढची आवृत्ती असेल, तर वर उजव्या कोपऱ्यातला मेनू उघडा, आवाजाच्या पट्टीशेजारचा बाण दाबा आणि यादीतून हेडसेट किंवा स्पीकर निवडा. केडीई प्लाझ्मा डेस्कटॉपवर पॅनलवरच्या स्पीकरच्या चिन्हावर क्लिक करा आणि तिथून निवडा. माइक वेगळा निवडावा लागतो, हे विसरू नका. आवाज हेडसेटवर गेला म्हणजे माइकही गेला असं नाही, आणि ऑनलाइन मीटिंगमध्ये नेमकं इथंच अडतं.

आता खरी अडचण. डिफॉल्ट बदललं, तरी एखादं ॲप जुन्याच जागी वाजत राहतं. कारण त्या ॲपसाठी पूर्वी निवडलेलं आउटपुट सिस्टिमच्या लक्षात असतं. यावर पाव्हूकंट्रोल (pavucontrol) हे साधन बसवाच. ते लिनक्सचा आवाज सांभाळणाऱ्या जुन्या पल्सऑडिओवर चालतं आणि आता त्याची जागा घेतलेल्या पाइपवायरवरही. ॲपमध्ये काहीतरी वाजू द्या, पाव्हूकंट्रोलचा ‘प्लेबॅक’ टॅब उघडा आणि त्या ॲपच्या ओळीतून हवं ते आउटपुट निवडा. गाणी स्पीकरवर आणि कॉल हेडसेटवर, अशी कायमची विभागणीही इथंच करता येते. मला तरी हीच मांडणी सगळ्यात सोयीची वाटते, कारण मग रोज काही बदलावंच लागत नाही.

जॅकचा हेडसेट असेल तर पाव्हूकंट्रोलच्याच ‘आउटपुट डिव्हायसेस’ टॅबमध्ये पोर्ट बदला. हेडसेट लावलेला असताना स्पीकर निवडूनही ते गप्पच राहिले, तर टर्मिनलमध्ये अल्सामिक्सर (alsamixer) चालवा, एफ६ दाबून कार्ड निवडा आणि ‘ऑटो-म्यूट मोड’ बंद करा. प्रत्येक कार्डावर हा पर्याय नसतो.

ब्लूटूथवर आवाज अचानक डब्यातून आल्यासारखा झाला, तर पाव्हूकंट्रोलच्या ‘कॉन्फिगरेशन’ टॅबमध्ये प्रोफाइल, म्हणजे आवाज पाठवण्याची पद्धत, पाहा. ए२डीपीमध्ये आवाज उत्तम येतो, पण माइक चालत नाही. एचएसपी किंवा एचएफपीमध्ये माइक चालतो, पण आवाज फोन कॉलसारखा होतो. लॅपटॉपचा माइक बरा असेल तर तोच वापरा आणि हेडसेट ए२डीपीवरच ठेवा.

मॉनिटरचा एचडीएमआय आवाज कधीच लागत नसेल आणि तो वेगळं कार्ड म्हणून दिसत असेल, तर त्याच टॅबमध्ये त्याचं प्रोफाइल ‘ऑफ’ करा. यादीतून तो निघून जातो आणि आवाज परस्पर मॉनिटरकडे वळत नाही.