हायस्कूलमध्येच कॉलेजची क्रेडिट्स: या चुका टाळा

मे महिन्यात एपीच्या (अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट, म्हणजे शाळेतच शिकायचे कॉलेजच्या पातळीचे विषय) परीक्षा संपल्या की इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर दरवर्षी तोच प्रश्न येतो: "उन्हाळ्यात मुलाला कम्युनिटी कॉलेजात कुठला सोपा कोर्स घालू?" अमेरिकेत हायस्कूलमध्ये असताना कॉलेजची क्रेडिट्स (डिग्रीसाठी मोजली जाणारी युनिट्स) मिळवायचे दोन मुख्य रस्ते, एपी आणि ड्युअल एनरोलमेंट. आपले लोक दोन्ही सारखेच समजतात आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

एपीचा वर्ग शाळेत भरतो, परीक्षा कॉलेज बोर्डाची, गुण १ ते ५. परीक्षेत २ मिळाले तर बहुतेक ठिकाणी ते कळवायचे नाहीत, विषय संपला. ड्युअल एनरोलमेंटमध्ये मात्र मूल खरोखरच कॉलेजचं विद्यार्थी असतं, आणि तिथली ग्रेड तिथल्या ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे गुणपत्रकावर, कायमची बसते.

ओळखीतल्या एका मुलाने दहावीनंतरच्या सुट्टीत केमिस्ट्री घेतली. मध्येच रोबोटिक्सचा कॅम्प लागला, मग त्याने जाणंच सोडलं. घरच्यांचा समज असा, की गेला नाही म्हणजे नाव आपोआप कमी झालं असेल, फी बुडाली इतकंच. नाव कोणी कमी केलं नव्हतं. ड्रॉपची, म्हणजे सुरुवातीलाच नाव काढायची तारीख गेली, विथड्रॉची, म्हणजे नंतर कोर्स सोडायची गेली, शेवटी एफ, म्हणजे नापास. शाळेच्या ट्रान्सक्रिप्टवर तो आलाच नाही, त्यामुळे सगळे विसरले. पुढे युनिव्हर्सिटीत त्याने हाच विषय पुन्हा घेऊन ए मिळवला. मग मेडिकलचे अर्ज सुरू झाले. एएमसीएएस ही अर्जांची यंत्रणा प्रत्येक कॉलेजचं ट्रान्सक्रिप्ट मागते, शाळेत असताना घेतलेल्या कोर्सचंसुद्धा. शिवाय कोर्स पुन्हा केला तरी जुनी ग्रेड पुसली जात नाही, दोन्ही धरतात. आईचा मला फोन, "तो एफ काढून टाकता येईल का हो?" नाही येत. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

माझी पद्धत ठरलेली आहे. कोर्स सुरू व्हायच्या आधी ड्रॉपची आणि विथड्रॉची अशा दोन तारखा फ्रिजवर लावायच्या. पहिल्या टेस्टमध्ये बीच्या खाली आलं आणि तारीख शिल्लक असेल, तर मुकाट ड्रॉप. वेळेत ड्रॉप केलं तर मागे खूण राहत नाही. विथड्रॉ केलं तर डब्ल्यू दिसतो, पण जीपीएत, म्हणजे ग्रेडच्या सरासरीत, धरला जात नाही. दोन्ही मुलाने स्वतः पोर्टलवर जाऊन करायचं आणि स्क्रीनशॉट ठेवायचा. प्रोफेसरला "येत नाही" असा ईमेल टाकणं म्हणजे ड्रॉप नव्हे.

आणि आईवडिलांनी प्रोफेसरला ईमेल करू नये. मूल पंधरा वर्षांचं असलं तरी कॉलेजातल्या रेकॉर्डवरचा हक्क फर्पा या विद्यार्थ्यांच्या रेकॉर्डच्या गोपनीयतेच्या कायद्याने त्याचा असतो. उत्तर आलं नाही म्हणून चिडू नका.

दुसरी आवडती चूक म्हणजे एपी गोळा करणं. गणपतीच्या जेवणात "आमचीचे अकरा झाले" ऐकलं की मी वरणभाताकडे लक्ष देतो. अकरा एपींचं तिकडे काय होणार, हे कोणी पाहिलेलं नसतं. कॅलटेक एपीवर क्रेडिट देत नाही. डार्टमथने २०१४ मध्ये दाखल झालेल्या बॅचपासून ते बंद केलं. कॅलिफोर्नियाच्या यूसी (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) ३ गुणांपासून युनिट्स देतात, पण ती मेजरच्या, म्हणजे मुख्य विषयाच्या, कुठल्या कोर्सऐवजी चालतील हे तो तो कॅम्पस आणि विभाग ठरवतो. बरीच क्रेडिट्स इलेक्टिव्हच्या, म्हणजे ऐच्छिक विषयांच्या, खात्यात जाऊन पडतात आणि डिग्री एक दिवसही लवकर होत नाही. म्हणून आधी चार-पाच कॉलेजं धरा, त्यांच्या वेबसाइटवरचा एपीचा तक्ता उघडा, मग विषय निवडा.

"तीन वर्षांत डिग्री, एका वर्षाची फी वाचली" या हिशोबाबद्दल माझं मत चांगलं नाही. एपीच्या कॅल्क्युलस बीसी या गणितात ५ आले म्हणून इंजिनिअरिंगची मुलं थेट पुढच्या गणितात उडी मारतात आणि ऑक्टोबरात ट्यूटर शोधतात. त्या युनिव्हर्सिटीचा कॅल्क्युलसचा जुना फायनल पेपर मिळवून घरी सोडवायला द्या. निम्मा अडला तर क्रेडिट सोडून पहिल्यापासून बसलेलं बरं.

बाकीच्या किरकोळ. सहा आठवड्यांचा उन्हाळी कोर्स सोपा नसतो, अख्ख्या सेमिस्टरचा अभ्यास त्यात कोंबलेला असतो. परीक्षा मेमध्ये असली तरी वर्षभराच्या एपीची नोंदणी नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत करायची असते, नंतर दंड. कम्युनिटी कॉलेजचे कोर्स कुठे चालतात हे कॅलिफोर्नियात असिस्ट आणि न्यू जर्सीत एनजे ट्रान्सफर या वेबसाइटवर पाहा. राज्याबाहेर किंवा खाजगी कॉलेजात जायचं असेल तर प्रत्येक कोर्सचा सिलॅबस जपून ठेवा, क्रेडिट नाकारलं तर भांडायला तोच लागतो. एपीचे गुण एका कॉलेजला फुकट पाठवायची मुदत २० जून, आणि निकाल लागतो जुलैत. गुण पाहून ठरवू म्हणणाऱ्यांनी पैसे भरायची तयारी ठेवावी.